लाल पेन्सिलवाले नॉर्मन

यॉर्कशरमधल्या एका साप्ताहिकात नॉर्मन सगडन एकतीस वर्षं मजकूर तपासायचे. बातमीदारानं कुठे ‘आयरनी’ लिहिलं की त्यांची लाल पेन्सिल उठलीच. लग्नाच्या दिवशी पाऊस आला तर तो नुसता योगायोग. ‘पायरी जपून उतरा’ ही पाटी ठोकणाराच त्या पायरीवरून घसरला, तर ती आयरनी. आणि तोंडानं गोड बोलून मनात उलटं असेल, तर तो उपरोध. एवढं त्यांनी तीन संपादकांना पढवलं होतं.

समोरच्याचा उपरोध मात्र त्यांना उभ्या जन्मात कळला नाही. निरोपाच्या बिअरवर सहकारी म्हणाले, “तुमच्याशिवाय आमचं कसं होणार हो!” म्हणून निवृत्तीनंतरही ते दर गुरुवारी कचेरीत हजर. शेजारीण म्हणाली, “या कधीतरी चहाला.” असं म्हणायचं असतं, जायचं नसतं. हे रविवारी चारला जाऊन बसले.

बायकोच्या, डोरीनच्या, वाणसामानाच्या यादीतही ते चुका काढायचे. ती म्हणायची, “तू आहेस म्हणून चाललंय बाबा माझं!”

“त्यात काय एवढं,” नॉर्मन म्हणायचे.

गेल्या मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं. नॉर्मननी थर्मासमधून चहा नेला, तिची उशी सारखी केली.

“तू आहेस म्हणून चाललंय माझं,” डोरीन म्हणाली.

नॉर्मन थबकले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदाच शंका आली.

“डोरीन, हे तू उपरोधानं म्हणतेस का?”

“आज नाही,” ती म्हणाली.