करंजांच्या सावलीची रांगोळी

सकाळी दार उघडलं, तर पायरीपासून रस्त्यापर्यंत करंजाच्या फुलांचा फिकट जांभळा सडा आणि त्याचा तो किंचित उग्र, गोडसर वास. बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीचा एक जुना रविवार त्या वासाबरोबर उलगडत आला.

आयटीच्या पगारांनी घरोघरी गाड्या आणल्या, तेव्हाची गोष्ट. माझ्याही दारात पहिली गाडी उभी होती. रस्ता अपुरा पडू लागला आणि एके दिवशी आमच्या कडेच्या साऱ्या करंजांच्या बुंध्यांवर तोडणीच्या लाल फुल्या उमटल्या. बैठका झाल्या, शब्दाला शब्द वाढला. निम्मी गल्ली झाडांची, निम्मी रस्त्याची.

शेजारी निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई राहत. बैठकीत त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. रविवारी भर दुपारी मात्र खडू घेऊन उतरल्या आणि रस्त्यावर पडलेल्या सावलीची कड आखू लागल्या. “एवढी जागा यांची,” आम्हाला म्हणाल्या, “आता भरा.” कुणी रांगोळी आणली, कुणी गेरू. झाडं तोडाच म्हणणारी, वरच्या मजल्यावरची अमरावतीची इंजिनीअर मुलगीसुद्धा हिरवा रंग घेऊन मांडी ठोकून बसली.

समोरच्या बंगल्यातले पेन्शनर गॅलरीतून म्हणाले, “बाई, सावली सरकली. आपली कला उन्हात पडलीय.”

“सरकू दे की. आपण तिच्या मागे जाऊ. येता का खाली?”

ते आले. ऊन कलत गेलं, सावली लांबत गेली आणि तिच्यामागून रंगांचा पट्टा रस्ता ओलांडून थेट त्यांच्या कुंपणाच्या भिंतीला टेकला. झाडं दिवसभरात आपल्याला किती देतात, ते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मोजणीला आलेले महापालिकेचे साहेब स्कूटर ढकलत कडेकडेने आले. रंगांवर चाक घालायला त्यांचंही मन धजावलं नाही. “अहो, पण रस्ता तर रुंद करायचाच आहे. जागा कुठून आणू?”

पेन्शनर म्हणाले, “आमची भिंत मागे घ्या. तिला काही मुळं नाहीत.”

मग त्यांच्या शेजाऱ्यांनी मान डोलावली, मग त्यांच्याही शेजाऱ्यांनी. समोरची अख्खी ओळ मागे सरली, करंज जागचे हलले नाहीत. त्या संध्याकाळी बुंध्यांवरच्या लाल फुल्यांना आम्ही पाकळ्या काढल्या. बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

आता बाई नाहीत. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, ही झाडं इथे असायचीच. त्यांना मी काही सांगत नाही. जिंकलेली गोष्ट इतकी अंगवळणी पडावी, की ती कधीकाळी जिंकावी लागली होती हेच कुणाला आठवू नये; याहून मोठा विजय कोणता?