‘नको’ नावाचं फोल्डर

माझ्या लग्नाचे साडेचार हजार फोटो निघाले. फोटोग्राफरनं पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं, अल्बमसाठी अडीचशे नंबर लिहून द्या. आठ महिने ते काम तसंच पडलं. शेवटी दिवाळीला माहेरी, आष्टीजवळच्या आमच्या गावी, लॅपटॉप घेऊन बसले. हळद, लग्न, आहेर, पाठवणी अशी वाटणी केली.

आहेराचे फोटो बघून डोकंच फिरलं. ज्याला ज्याला टॉवेल-टोपी दिली, त्या प्रत्येकाचे तीन-तीन फोटो. काकांच्या फेट्याचे तर पुढून, मागून, बाजूनं. बुंदीच्या परातीचेसुद्धा नऊ. आणि माझ्या आईचा एकही नाही. सगळे फोटो दोनदा चाळले, तरी नाही.

वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. पुढं आईनं लोकांचा कापूस वेचून, ब्लाउज शिवून मला शिकवलं. पण विधवा बाईनं हळदीला हात लावू नये, मांडवात पुढं येऊ नये, हा आमच्या लोकांचा शहाणपणा. कन्यादान काका-काकूंनी केलं. त्या दिवशी मी दोनदा विचारलं, आई कुठंय? काका म्हणाले, “पाहुण्यांच्या जेवणाचं बघून राह्यली.” तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. त्याचा मला माझाच राग येतो.

फोटोग्राफरला फोन लावला. तो चाचरतच बोलला, “ताई, तुमच्या काकांनी सांगितल्तं, तुमच्या आईचे घेऊ नका म्हणून. चुकून आले ते बाजूला टाकले. पेनड्राइव्हमधीच हायेत, बघा.”

‘नको’ नावाचं एक फोल्डर होतं. टाकाऊ असतील म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. डोळे मिटलेले, हललेले, मुंडकी कापलेले फोटो, आणि त्यांच्यात आईचे अकरा. तिचा एकही हललेला नव्हता. एकात ती स्वयंपाकघराच्या दारात टाचा उंच करून मांडवाकडं बघत होती, मुठीत अक्षता. जिनं मला वाढवलं तिच्या अक्षता अशुभ, आणि ज्यांनी कधी एक वही घेऊन दिली नाही त्यांचा फेटा शुभ. वा रे न्याय.

तेच अकरा नंबर मी कागदावर सगळ्यात वर लिहिले आणि कागद घेऊन आईकडं गेले. ती ज्वारी निवडत होती.

“पहिल्या पानावर तू,” मी म्हणाले. “कोण काय बोलतं ते बघते मी.”

तिनं सूप खाली ठेवलं. कागदाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हंजे तू न्हाई म्हणली नव्हतीस?”

“कशाला?”

“तुझे काका म्हणले, पोरीलाच नको वाटतंय, तू पुढं येऊ नको. मंग मी मागंच थांबले.”

हे मनात ठेवून ती आठ महिने रोज मला फोन करत होती, जेवलीस का म्हणून विचारायला.