आमच्याकडची नदी

ताईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, यापेक्षा खणून काढलं म्हणणं जास्त बरोबर. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्याचा तो पहिला दिवस. मुकादमाने गाडा ढकलायला सांगितला, याने ओढला, आणि गाड्यावरच्या सगळ्या चादरी त्याच्या अंगावर आल्या. ढीग एवढा उंच, की शिखरावर बर्फ साचलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं. चार बायका, दोन धुलाईवाले आणि खुद्द मुकादम अशी शोधमोहीम निघाली. तिसाव्या की चाळिसाव्या चादरीखाली ताईंच्या हाताला एक नाक लागलं. त्या नाकाखालून अगदी शांत आवाज आला, "आमच्याकडे गाडे असे उलटत नाहीत."

त्याच दिवशी त्याचं नाव 'आमच्याकडे' पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते कोणाच्या जिभेला झेपत नसे. मुकादम ते म्हणायला जायचा आणि मध्येच खोकल्यासारखं करून सोडून द्यायचा.

मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. ताईंच्या जोडीला आमच्याकडे आला. तो उंच आणि ताई बुटक्या, त्यामुळे चादर कायम उतरणीला लागलेली. तळघरात यंत्रांचा असा गडगडाट, की चादरभर अंतरावरून बोललेलं काही ऐकू यायचं नाही. जवळ आलं की तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं. म्हणून आमच्याकडेचा देश ताईंना एका घडीला एक वाक्य अशा हिशेबाने मिळत गेला.

"आमच्याकडे नदी आहे," तो पहिल्या घडीला म्हणायचा.

चादर संपायची, दुसरी यायची.

"एवढी रुंद, की पलीकडच्या काठावर घड्याळ वेगळं लावतात."

मग ताई पुढची चादर अशी ओढायच्या, की मुकादमाला वाटायचं, काय बाई कामसू आहे.

आमच्याकडे म्हणे घरांना अकरा-अकरा खिडक्या. आमच्याकडे चोरसुद्धा घरात शिरण्याआधी पाय पुसतो. आमच्याकडे कुत्री रांग मोडत नाहीत. आणि पोलीस? "आमच्याकडे रस्त्यात पोलीस दिसला, की म्हाताऱ्या बायका त्याच्या हातात पिशवी देतात. तो घरापर्यंत पोचवून देतो आणि वर पाणीसुद्धा मागत नाही."

"थापा मारतोस," ताई म्हणायच्या.

"आमच्याकडे थाप मारणाऱ्याला दंड असतो, ताई. मी कशाला मारीन?"

धुलाईवाल्यांनी त्याची पार रेवडी उडवली होती. साबण संपला, की "आमच्याकडेला विचारा, त्यांच्या नदीला फेस असेल" म्हणायचे. तोही हसायचा. पण ताई हसून सोडून देत नसत. त्या चादरींवर काय काय डाग असतात हे ज्याने पाहिलंय, त्याला कळेल. कोणाचं काय संपलं ते कापडावर आधी कळायचं, नातेवाइकांना नंतर. सोड्याने बोटांना भेगा पडायच्या. दिवसभरात अकरा खिडक्यांचा उजेड तेवढाच.

आणि घरी ताईंचा नवरा होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. संध्याकाळी त्याला भरवताना ताई आमच्याकडेचा देश पहिल्यापासून सांगायच्या, त्याच शब्दांत, एकही खिडकी कमी न करता. पाय पुसणाऱ्या चोराला तो अर्ध्या तोंडाने हसायचा. त्या अर्ध्या हसण्यासाठी ताईंनी नऊ वर्षांत सगळा देश पाठ करून टाकला.

नवव्या वर्षी नियम बदलला. तोवर आमच्याकडेसारख्या आश्रयाला आलेल्यांना इथे राहण्याचा परवाना दर दोन वर्षांनी शिक्का मारून वाढवून मिळायचा. आता पुन्हा मुलाखत. आपल्या देशात परत जाणं जिवावरचं आहे हे नव्याने पटवून द्यायचं, आणि आपल्याला जवळून ओळखणारा इथला एक माणूस साक्षीला आणायचा. नाही पटलं, तर परत पाठवणार.

"ताई, याल?" त्याने एका घडीला विचारलं.

"येईन की."

पुढच्या घडीला ताईंनी विचारलं, "पण बोलायचं काय?"

"मी कसा माणूस आहे ते सांगा. बाकी काही विचारलंच, तर जे ठाऊक आहे ते." मग चादर ताणून तो लांब गेला.

ताईंनी ठेवणीतली साडी काढली. आदल्या संध्याकाळी नवऱ्यापुढे रंगीत तालीम केली. काही राहून जाऊन पोराचं नुकसान व्हायला नको, एवढीच त्यांना धास्ती.

कार्यालयात आधी त्याला आत बोलावलं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला होता. शिपायाने ताईंना आत नेलं.

टेबलामागच्या अधिकारी बाईंना सडकून सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसत विचारलं, "किती वर्षं ओळखता?"

"नऊ. रोज."

"गावाबद्दल बोलतात कधी?"

ताईंच्या जिवात जीव आला. पेपरात नेमका तयारीचाच प्रश्न. त्यांनी नदी सांगितली, खिडक्या सांगितल्या. बाई लिहीत होत्या. लिहितायत म्हणजे आवडतंय, असं ताईंना वाटलं.

"आणि तिथले पोलीस? त्यांच्याबद्दल कधी काही बोलले?"

चांगल्या घरचा, चांगल्या गावचा मुलगा आहे हे ठसवायला याहून बरी जागा कुठली? ताईंनी पिशवी सांगितली. पाणीसुद्धा मागत नाहीत, हेही सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी फाईलची मागची पानं उलटली आणि कोणाला दुखवायचं नसावं अशा आवाजात वाचलं. गावात नदी नाही. चामड्याच्या कारखान्यामागे नाला आहे. घर एका खोलीचं, खिडकी नाही. त्या खोलीतून पोलिसांनी धाकट्या भावाला नेलं आणि चौथ्या दिवशी नाल्याच्या काठावर आणून टाकलं. थोरला, म्हणजे अर्जदार, त्याच आठवड्यात पळाला.

"हे त्यांनी आत्ता सांगितलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नऊ वर्षांत कधीच नाही?"

काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यालाच सावरायला हवं, एवढं त्यांना कळलं. चादर फाटली की त्या सुई घेत. इथेही त्यांनी टाका घालायला घेतला.

"त्याची दोन गावं असतील, बाई."

"दोन गावं," बाईंनी लिहून घेतलं.

"नाही, म्हणजे तो थापाड्या आहे हो. गमतीने बोलायचा."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखे चादरीला उभे राहिले. दहा-बारा घड्या झाल्या. मग ताई म्हणाल्या, "मी नदी सांगून बसले रे."

पुढच्या घडीला त्याने विचारलं, "केवढी सांगितलीत?"

"पलीकडे घड्याळ वेगळं लावतात, एवढी."

"जरा आवरती घ्यायची ना, ताई."

ताईंना रडू आलं. त्याने चादर सोडली नाही, नुसता टोक धरून उभा राहिला. मागून मुकादम ओरडला तेव्हा ती घडी पुरी झाली.

"मला का नाही सांगितलंस?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, कुठला रे तू? नाला काय सांगायचा?" पुढच्या घडीला तो म्हणाला, "आणि तुम्ही घरी जाऊन सांगता म्हणालात. ते आजारी माणूस."

"भाऊ कसा होता?"

"आमच्याकडे..." एवढं बोलून तो थांबला. ताईंनी पुढच्या चादरीला वाट पाहिली, त्याच्या पुढच्याही. वाक्य पुरं झालं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार आणि साक्षीदार यांच्या सांगण्यात मेळ नाही, सबब अर्ज नामंजूर. बुधवारी त्याला घेऊन गेले. त्याचं पुढे काय झालं ते लाँड्रीत कोणालाच कळलं नाही. विचारायला खरं नाव लागायचं, आणि ते मुकादमालाही नीट सांगता आलं नाही.

घरी नवरा अजून चोराची गोष्ट मागतो, भुवई उचलून. ताई सांगतात. त्यांना दुसरी येत नाही.

लाँड्रीत आता घड्यांचं यंत्र आलंय. ताईंना टॉवेलांवर टाकलं आहे. टॉवेल एकट्याला दुमडता येतो.