कडूबाईचा कैदी

कडूबाईचं पोट चोरांवर चालतं, असं सगळं गाव म्हणायचं. ती तिथल्या तिथे परतवायची, "आन् तुमचं काय रं, देवांवर चालतं?" तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हिचं नाव कडू ठेवलं. सटवाईला आवडू नये, एवढाच हेतू. सटवाईला ते आवडलं नाहीच. नवऱ्यालाही आवडलं नसावं. लढाईच्या आधी तो मुंबईला गिरणीत म्हणून जो गेला, तो तिथे जरा गोड नावाची दुसरी करून बसला.

नगरहून पूर्वेला, निजामाच्या हद्दीकडे निघालं की लागतं ते तालुक्याचं गाव. नाव कशाला घ्या? त्या वेळच्या लोकांची नातवंडं अजून पारावर बसतात. तिथे मामलेदार कचेरीच्या मागे दगडी कोठडी होती. खटला उभा राहीपर्यंत माणसं तिथे डांबायची. त्यांच्या भाकरीचा मक्ता कडूबाईकडे. जितकी डोकी तितक्या भाकरी, आणि जितक्या भाकरी तितकंच तिच्या चुलीत जळण.

तिचा सुवर्णकाळ म्हणजे बेचाळीस साल. कोठडीत खादीवाले मावेनात, ओसरीवर झोपायचे. एक वकील तर मिरची सोसत नाही म्हणून उपाशी राहिला आणि वर्तमानपत्रात उपोषण म्हणून छापून आला. कडूबाई त्या वर्षी दोन लुगडी ल्याली. पुढे स्वराज्य आलं, खादीवाले खुर्च्यांवर बसले आणि कोठडी ओस पडली. कडूबाई शनिवारी मारुतीला तेल घालू लागली. बाया विचारायच्या, "काय मागतीस गं?"

"मागती एखादा चोर," ती म्हणायची. "धडधाकट दे म्हनावं. खानारा."

मारुतीने ऐकलं. पण त्याने चोर धाडला नाही. त्याने धाडला श्रीमंत.

श्रीमंत हा नावाचाच. टाकाऱ्याची जात, खांद्याला झोळी, झोळीत हातोडा नि टाक्या. गावोगाव हिंडायचं, दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्यावर टाकीने बारीक टोचे पाडून द्यायचे, आणि पसाभर दाणे घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची. फाल्गुनात तो आला तेव्हा बायको बायडाबाई, दोन पोरं आणि गाढव मागे नदीकाठी पालात ठेवून आला होता. कडूबाईचं जातं भलंमोठं, कैद्यांचं दळण दळणारं. त्याला टाकी लावता लावता दिवस मावळला. तिने त्याला हुलग्याचं माडगं दिलं आणि तो तिच्याच ओट्यावर आडवा झाला. पहाटे ती पाणी तापवायला उठली तरी तो तिथेच घोरत होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच रात्री छगनशेटचं दुकान फुटलं. कंट्रोलच्या साखरेची पोती गेली. आता ती पोती गेली म्हणजे कुठे गेली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महिनाभर आधीपासून ती मागल्या दाराने एकेक करून चढ्या भावाने चालत गेली होती. सप्लायचा साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली आणि शेटच्या भिंतीला रातोरात भोक पडलं. भोक आतून पाडलेलं होतं. चुना सगळा बाहेर, रस्त्यावर. पण शेटकडे चुना कुठे पडला हे विचारणार कोण?

सकाळी पुंजाराम हवालदाराने झोळीवाला माणूस पाहिला. झोळीत हातोडा, टाक्या. झालं. घरफोडीची हत्यारं, घरफोड्यासकट.

"मी रातभर मावशीच्या ओट्यावर हुतो," श्रीमंत म्हणाला.

पुंजाराम त्याला घेऊन कडूबाईच्या दारात आला. "ह्यो म्हनतो रातच्याला हितं हुता. व्हय का?" आणि ती तोंड उघडायच्या आत, श्रीमंताला दोन पावलं मागे ढकलून, तिच्या कानाशी लागला. "इचार करून बोल, कडूबाई. कोठडी रिकामी हाय. वरून हुकूम आलाय, कैदी नसंल तर पहाऱ्याची मानसं हद्दीवर धाडा. तिकडं रजाकार हाईत. माझी पोरं लहान हाईत. आन् कोठडीच न्हाई तर तुझा मक्ता कशाचा?"

कडूबाईने जात्याकडे पाहिलं. ताज्या टाक्यांची पांढरी भुकटी अजून तळीवर सांडलेली होती.

"दिस नेमका ध्यानात न्हाई बाई," ती म्हणाली. "काल हुता का परवा, कोन जाने."

दोघे गेल्यावर तिने केरसुणी घेतली आणि ती भुकटी झाडून टाकली.

जामीन कोण राहणार? जामिनाला गाव लागतं, आणि श्रीमंताला तर गावोगाव होतं. म्हणजे एकही नव्हतं. तो कोठडीत बसला. खटला तारखेवर तारखा खाऊ लागला, आणि एका श्रीमंतावर कितीजणांचा संसार चालला म्हणता! पुंजाराम आणि त्याचे शिपाई हद्दीवर जायचे वाचले. पाणक्या पाणी भरायचा, न्हावी महिन्याला दाढी करायचा, तेलवाला कंदिलाचं तेल पोचवायचा आणि त्यातलं निम्मं हवालदाराच्या घरी जळायचं. कारकून दर तारखेला दौत-टाक घेऊन बसायचा. सरकार त्या माणसाला बसवून ठेवण्यासाठी जे मोजत होतं, तेवढ्यात त्याने तालुक्यातल्या सगळ्या जात्यांना टाकी लावून दिली असती.

आणि कडूबाई त्याच्याच हाताने धारदार झालेल्या जात्यावर त्याची बाजरी दळत होती. इतकं बारीक पीठ जन्मात पडलं नव्हतं. भाकरी कशी टम्म फुगायची.

ती दुपारच्या बाराच्या टोल्याला गजांतून भाकरी द्यायची आणि तो तिला आठवण करून द्यायचा.

"मावशे, आठवतंय का? हुलग्याचं माडगं दिल्तं तुमी. मी म्हनलो मीठ कमी हाय, तर तुमी म्हनला, तुज्या बायकूला सांग."

"आठवीन बाबा, आठवीन," कडूबाई म्हणायची. "म्हातारपन. डोसक्यात भुसा भरलाय."

"सावकाश आठवा. पुढल्या तारखेपातूर."

त्याचा खरोखरच विश्वास होता की ती विसरली आहे. ही मोठी अडचण होती. शिव्या घातल्या असत्या तर कडूबाईने चार परत घातल्या असत्या आणि रात्री सुखाने झोपली असती. दर तारखेला ती ठरवायची, आता सांगते. मग घरी येऊन रिकाम्या मडक्यात हात घालून बघायची आणि म्हणायची, पुढल्या खेपेला.

बायडाबाई पोरांना घेऊन कचेरीच्या कुंपणाशी येऊन राहिली. नवऱ्याच्या टाक्या मुद्देमाल म्हणून जप्त, त्यामुळे धंदा बंद. ती रस्त्याची खडी फोडायला जाऊ लागली. पावसाळ्यात धाकट्याला डांग्या खोकला झाला आणि चौथ्या दिवशी पोर गेलं. श्रीमंताला कुणी सांगायचं? कडूबाईने त्या दिवशी भाकरीला तूप लावलं आणि ती गजांतून दिली. पुंजारामने सांगितलं ते संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी श्रीमंताने भाकरी परत केली. ती शिपायाच्या कुत्र्याने खाल्ली. पण हिशेबात ती श्रीमंतानेच खाल्ली, कारण कुत्र्याचा मक्ता नव्हता.

इकडे गावोगावची जाती बोथट झाली. पीठ जाडं पडू लागलं, दाताखाली भरड येऊ लागली. सासवा सुनांना म्हणू लागल्या, "हातात जोरच न्हाई, म्हायेरी काय लाडू खात हुतीस?" घरोघरी त्या एका माणसावाचून भांडणं लागली, पण तो कोठडीत आहे म्हणून हे होतंय, असं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते आलं छगनशेटच्या. साखरेचा पैसा हाताशी होताच. त्याने दिवाळीच्या आत पिठाची गिरणी टाकली. इंजिन पुकपुक करू लागलं आणि बाया डोक्यावर पाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दुकान फुटलेल्या माणसाने गिरणी टाकली कशी, हेही कुणी विचारलं नाही. गावाचं असंच असतं.

कडूबाईचं जातंही बोथट झालं होतं. तिच्या परसाची भिंत कोठडीला लागून. एके दिवशी भाकरी घेताना श्रीमंत म्हणाला, "मावशे, जातं लई घसरतंय. आवाज बदललाय त्याचा. टाकी मागतंय ते."

"सुटलास की लाव," ती म्हणाली आणि भराभर घरी आली.

भाद्रपदात निजामाचं राज्य बुडालं होतं. रजाकार गेले, हद्द गेली, हवालदाराची भीती गेली. श्रीमंताची आता कुणाला गरज उरली नाही. पण नको म्हणून सोडायचा, तर त्यालाही कुणी हलायला हवं. तो तसाच राहिला, खुंटीवर विसरलेल्या पागोट्यासारखा. मग पौषात पुंजाराम कडूबाईला म्हणाला, "नव्या सालाचा मक्ता छगनशेटच्या मेव्हन्याला जानार. गिरनीचं पीठ हाय त्याच्याकडं. साहेबांचं ठरलंय."

"आन् मी?"

"तू आता देव देव कर की."

पुढल्या तारखेला कडूबाई धुवट लुगडं नेसून कचेरीत गेली आणि कुणी न विचारता उभी राहिली. श्रीमंत त्या रात्री माझ्या ओट्यावर होता, म्हणाली. माडगं सांगितलं, कमी पडलेलं मीठ सांगितलं, पहाटेचं घोरणं सांगितलं. मामलेदार नवा होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, इतके दिवस काय झालं होतं?"

"म्हातारपन, साहेब," कडूबाई म्हणाली. "आत्ता आठवलं."

श्रीमंत सुटला. बाहेर आल्या आल्या त्याने भर कचेरीच्या आवारात तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "मावशे, तुमी आठवलं! आईवानी धावलात!" लोक म्हणाले, म्हातारी कडू, पण मनाची भली. कडूबाईला पाय मागे घेता येईनात, कारण त्याने ते धरले होते.

बायडाबाई मात्र दूर उभी होती. तिने नमस्कार केला नाही. "म्हातारे," ती म्हणाली, "तुला लई उशिरा आठवलं. मक्ता जायच्या आधी का न्हाई आठवलं गं?"

कडूबाईने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

टाक्या परत मिळाल्या त्या गंजून. गंज घासून निघाला असता. पण टाकी लावायची कशाला? श्रीमंत दोन-चार गावं हिंडून आला. बाया म्हणाल्या, आता गिरणी हाय. शिवाय पाय सुजायचे. इतके दिवस चार हातांच्या कोठडीत बसलेल्या माणसाला कोसभर चालवेना. बायडाबाईने थोडे दिवस वाट पाहिली. मग उरलेलं पोर गाढवावर बसवलं आणि भावाच्या पालावर निघून गेली. जाताना त्याला म्हणाली, चला. तो म्हणाला, उद्या येतो. त्याचा उद्या काही उगवला नाही.

तो कचेरीच्या कुंपणाशी बसायचा, आणि बाराचा टोला पडला की उठून कडूबाईच्या घराकडे यायचा. दारातून नाही. तिच्या स्वयंपाकघराला लाकडी गजांची खिडकी होती. त्या खिडकीशी उभा राहून तो हात आत घालायचा. ती भाकरी द्यायची. मक्ता नव्हता, कमाई नव्हती. ती आता लोकांच्या शेण्या थापून देत होती. पण बाराच्या आत भाकरी तयार. गावाने त्याला नाव ठेवलं, कडूबाईचा कैदी. सरकारने सोडला, पण हिच्यापासून काही सुटला नाही, म्हणून पोरं हसायची.

एकदा तिने जात्यावरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "घाल रं टाकी. तुजंच काम हाय ते."

तो आत न येता खिडकीतूनच बघत राहिला. "आता काय करायचं, मावशे? गिरनीचं पीठ आनता की तुमी."

"बरं, मंग जेवाया तरी आत ये. दार उघडं हाय."

"हितंच बरं हाय."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला. मग अगदी सहज, तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच विचारलं, "मावशे, त्या दिशी तुमाला एकाएकी कसं आठवलं वो?"

कडूबाईने तव्यावरची भाकरी उलथली. ती एका बाजूने कच्चीच होती. तशीच उचलून तिने गजांतून त्याच्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "निवती ती."