जटपुरा गेटावरचे खाणकामगार

चंद्रपूरच्या जटपुरा गेटावर प्रकाशझोतातून हलती चित्रं दाखवणार म्हणून मी बाबांना घेऊन गेले, तर अर्धा तास ऑटोंच्या भोंग्यांनीच डोकं उठलं. त्यात निवेदक दर मिनिटाला 'आपली संस्कृती' म्हणून ओरडत होता. शेवटी रस्त्यावरचे दिवे मालवले. गेटाच्या जुन्या दगडी भिंतीवर धानाची रोवणी उमटली, झाडीपट्टीचं नाटक आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आले कोळसा खाणीतले कामगार. प्रत्येकाच्या टोपीवर पेटलेला दिवा, आणि सगळे थेट आमच्याकडे बघत उभे. मला भरून आलं. बाबांची उभी हयात माजरीच्या खाणीत गेली होती.

बाबांनी मात्र तोंड वाकडं केलं. "हे खरे नाई."

"काऊन?" मी चिडूनच विचारलं.

"खाणीत असं सरळ कोणी पाहत नाई, बेटा. आपल्या दिव्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जाते. बोलाचं असन त मान वळवून बोला लागते."

हे सांगताना ते बाजूच्या भेळेच्या गाडीकडे बघत होते. घरीही ते असेच बोलायचे. कौतुक असो की रागावणं, नजर खिडकीकडे. लहानपणी मला वाटायचं, मी मुलगी झाले म्हणून बाबा माझ्याकडे बघत नाहीत. तो राग मी सासरीही सोबत नेला होता.

भिंतीवरचे कामगार अजून आमच्याकडे रोखून बघत होते. मी बाबांचा हात धरला, मान भेळेच्या गाडीकडे वळवली आणि म्हणाले, "चला बाबा, घरी जाऊ."