लिफ्टमनची दहा मिनिटं

सात मजली कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून मामांनी तेवीस वर्षं काढली. बटण दाबणारं बोट सोडलं तर बाकी शरीराला कामच नव्हतं. पोट तेवढं कुणी न बोलावता पुढे येत गेलं, आणि एक दिवस बुटाची नाडी बांधतानाच मामांना धाप लागली.

डॉक्टरांनी तपासलं. "हृदय ठणठणीत आहे, पण आळसावलंय. रोज थोडं पळवा त्याला."

"वेळ कुठाय, डॉक्टर?" सकाळी पाणी भरायचं, भाजी आणायची, संध्याकाळी नातवाचा अभ्यास. हक्काची अशी चहाची पंधरा मिनिटं.

नर्स असलेल्या लेकीने तोड काढली. "बाबा, दहा मिनिटं पुरेत. एक मजला झपाझप चढायचा, पुढचा सावकाश. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागू द्या."

"गाता मला एरवीही येत नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लिफ्ट पहारेकऱ्याच्या हवाली करून मामा जिन्याला भिडले. पहिल्याच दिवशी जोश नडला. लेकीचं सांगणं विसरून तीन मजले धावत चढले आणि कठडा धरून उभे राहिले. तेवढ्यात हिशेबाच्या बाई समोर.

"अगं बाई, मामा जिन्यात? लिफ्ट बंद पडली वाटतं!"

मामांनी नुसता हात हलवला. बाईंनी त्यातून हवा तो अर्थ काढला. पाच मिनिटांत अख्खी कचेरी फायली सावरत जिन्यावर, आणि पहारेकरी रिकाम्या लिफ्टमध्ये जांभया देतोय!

मोठे साहेब घामाघूम होऊन खाली आले. "लिफ्ट बंद होती तर सांगायचं नाही का?"

"लिफ्ट चालूच होती, साहेब. मीच बंद पडलो होतो."

साहेबांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दारावर पाटी लागली : 'लिफ्ट चालू आहे. लिफ्टमन जिन्यात आहे.'

मग मामा शहाण्यासारखे चढू लागले. गुडघे कुरकुरले तेव्हा दोन दिवस सुट्टी घेतली. दोन महिन्यांनी सातवा मजला आला, तर जिना अजून वर जातच होता. गच्चीवर मामा कधी गेलेच नव्हते. लिफ्ट तिथवर जात नाही ना!

वाऱ्यात उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, इथून आपल्या घराची टाकी दिसते!"

"दम लागलाय का, बाबा?"

"लागलाय. थांब, जरा बघू दे."