नवा चेंडू कुणाच्या हातात द्यायचा?

कुवेतच्या फहाहीलमध्ये आमचं क्रिकेट मे महिन्यात थांबायचं आणि ऑक्टोबरात ऊन जरा सोसवेल असं झालं की पुन्हा सुरू व्हायचं. मधले महिने एसीच्या घरघरीत काढायचे. प्लँटमधून घरी, घरातून प्लँटवर. नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांत मी आमच्या संघाचा कप्तान होतो, तोही आधीचा कप्तान नोकरी सोडून पुण्याला परत गेला आणि बाकी कुणी हो म्हणेना म्हणून. संघ म्हणजे पेट्रोकेमिकल्समधले आम्ही काही इंजिनियर आणि कंत्राटदारांकडे कामाला आलेले कोकणातले फिटर, वेल्डर. शुक्रवारी सकाळी वाळूच्या मैदानात, सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून खेळायचो.

आमची फलंदाजी यथातथाच. जे काही जिंकायचो ते दोन गोलंदाजांच्या जिवावर. एक वेंगुर्ल्याकडचा पाइप फिटर, डावखुरा, अंगानं काटकुळा. पण त्याचा चेंडू मॅटवर पडला की फलंदाजाच्या बरगडीशी यायचा. दुसरा माझाच सहकारी, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा पुणेकर. हे दोघे मैदानाबाहेर एकमेकांशी फारसं बोलत नसत. पण एकानं एका टोकानं दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या टोकानं बळी घ्यायचे, हे त्यांचं न बोलता ठरलेलं असायचं.

त्या उन्हाळ्यात फिटरचं कंत्राट संपलं. जाताना म्हणाला, "चतुर्थी झाली की येतंय, सायबानू." मी निर्धास्त होतो. पण चतुर्थी झाली, दसरा तोंडावर आला, तरी त्याचा पत्ता नाही. त्याच्या गावात एका किराणा दुकानात फोन होता. मी दोनदा लावला. दुकानदार म्हणाला, "तो गेलो मुंबयक, एजंटाकडे." एवढंच.

"प्लँट बंद पडला होता तेव्हासुद्धा तुझा चेहरा असा नव्हता," बायको म्हणाली.

"प्लँट सुरू करायला माणसं आहेत गं," मी म्हणालो. "इथे चेंडू टाकायला कोण आहे?"

"वरचे आहेत की."

वरचे त्याच आठवड्यात आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं पुणेकराला फळीवरचा मोठा डबा काढून द्यायला सांगितलं, कारण तो आमच्यात सगळ्यांत उंच. त्यानं उजवा हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. मग डाव्या हातानं डबा ओढला. तो जवळजवळ त्याच्या डोक्यावरच आला.

"काय रे?" मी विचारलं.

"झोपेत आखडलाय."

त्याची बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "आखडला नाही. मार्चपासून आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, गोलंदाजी बंद. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला दटावलंय."

पुणेकर वरणभात कालवत राहिला. घास तेवढा अजून उजव्या हातानं उचलत होता, इतकंच. माझी लेक मध्येच म्हणाली, "अंकल, यू शुड जस्ट रेस्ट." आम्ही सगळे उगाचच हसलो.

ऑक्टोबरातल्या पहिल्या सामन्यात त्यानं तरीही हट्ट धरला. "एकच षटक दे," म्हणाला. मी दिलं. चौथ्या चेंडूनंतर तो वाकून उभा राहिला, हात काखेत दाबून. मग माझ्याकडे न बघता चेंडू माझ्या हातात ठेवला आणि स्लिपमध्ये जाऊन उभा राहिला. पुढची षटकं आमच्या हिशेबखात्यातल्या एका गृहस्थांनी टाकली. ते फिरकी टाकायचे. निदान तसं ते म्हणायचे. आम्ही हरलो. पुढच्या शुक्रवारीही हरलो.

थंडी पडल्यावर कुणीतरी बातमी आणली की आमचा फिटर कुवेतमध्येच आहे, दुसऱ्या कंत्राटदाराकडे. खैरानला समुद्राकाठी बंगले बांधायचं काम चाललं होतं, तिथे. मी शुक्रवारी गाडी काढली. पुणेकर खाली उभाच होता. "मीही येतो," म्हणाला.

दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली होती. फिटर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या सावलीत बसून खबूसची रोटी आणि आमटी खात होता. आम्हाला बघून उठला, पण पाठीला हात लावत उठला. वजन उतरलं होतं. शुक्रवारीसुद्धा संध्याकाळपर्यंत काम, हे त्यानं तक्रार न करता सांगितलं.

"मी तुझ्या फोरमनशी बोलतो," मी म्हणालो. "महिन्यातून एक शुक्रवार तरी सुटेल."

त्यानं मान हलवली. "शुक्रवार गावलो तर मी निजतलंय, सायबानू. खेळाक येवचंय नाय. राग मानू नकात."

मग तो पुणेकराकडे वळला. "खांदो कसो आसा तुमचो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"गेल्या मोसमात शेवटच्या मॅचीतच समाजला माका. हात खालसून येय होतो."

पुणेकर त्याच्या शेजारी ठोकळ्यावर बसला. फिटरनं त्याच्यापुढे खबूस सरकवला. दोघं कुठे दुखतं, कुठल्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं, असलं काहीतरी बोलत राहिले. चार मोसम एकत्र गोलंदाजी करूनही मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मी जरा बाजूला उभा राहिलो. समुद्र दिसत होता, पण वाऱ्याबरोबर सिमेंटच येत होतं.

परतीच्या वाटेवर पुणेकराला झोप लागली. घरी आल्यावर मीही जोडे काढले आणि तसाच आडवा झालो. त्या मोसमात आम्ही शेवटून दुसरे आलो. नवा चेंडू हिशेबवाल्या गृहस्थांनीच टाकला, आणि खरं सांगायचं तर डिसेंबरनंतर त्यांच्या चेंडूकडे मी फारसं लक्ष देऊन पाहिलंही नाही.